आमचं घर अडलं तेव्हा

माझं पोट अडलं त्या सकाळी आमच्या घरातून बाहेर जाणं बंद झालं. आत यायला कोणाला मनाई नव्हती. पुढच्या दारानं यायचं, चपला काढायच्या, बसायचं. पण उठून निघालं की माणूस उंबऱ्यापर्यंत जायचा आणि पुढचं पाऊल पडायचं ते आमच्या स्वयंपाकघरात. मागचं दार सांदवाडीत, म्हणजे परसात उघडतं, गोठ्याकडे. तिकडे जायला घरातून लांब बोळ आहे. त्या बोळात शिरलेला माणूस थोडा पुढे जायचा आणि खांदे चोळत परत यायचा.

हे सगळ्यांत आधी धुराला कळलं. बेबीनंदानं आंघोळीच्या पाण्याची चूल पेटवली, तर धूर वर गेला, स्लॅबखाली जाऊन बसला आणि बसूनच राहिला. मग मांजरीला कळलं. मग न्हाणीच्या पाण्याला. बेबीनंदा म्हणजे माझी सून. हातात खराटा घेऊन आली.

"मामीजी, न्हाणीचं पानी जाऊन नाई राह्यलं."

"मंग त्याले म्हन, बैस."

"गंमत नोका करू. मांजर बी बाहेर जाऊन नाई राह्यली."

"तुह्या हातचं दूध सोडून जाईन कशी? तिले वाटते उद्या तरी त्यात पानी कमी असंन."

ती गेली. मी खाटेवर पडून होते. पोट असं ताठलं होतं की वरची गोधडी जमिनीला टेकत नव्हती. वारा सरत नव्हता, दुसरंही काही सरत नव्हतं. कळ यायची, नळीत चढायची, कुठंतरी आदळायची आणि आली तशी परत फिरायची. पण असल्या गोष्टी सुनेला सांगायच्या नसतात. या घरात माझ्या शब्दाशिवाय चुलीवर भांडं चढत नाही. मी कोणाला सांगू, की बाई, मला आज परसाकडे झाली नाही?

दुपारपर्यंत घरात माणसं जमली. माझा मुलगा वसंता शेतावरून जेवायला आला आणि अडकला. हबीबभाई बागवान आमची बाग पाहायला आले होते, ते चहा पिऊन अडकले. शेजारची पार्बता साखर मागायला म्हणून आली. खरं म्हणजे ती काय चाललंय ते बघायला आली होती. तीही अडकली, आणि तिचं मला वाईट वाटलं नाही. जिला गावभर बातम्या पोचवायच्या असतात तिला घरात कोंडून ठेवण्यासारखं दुसरं औषध नाही.

हबीबभाईंच्या फोनवर त्यांच्या बायकोचा फोन आला. तिचा आवाज आत येत होता, यांचा बाहेर जात नव्हता.

"अवो, मी कोहळ्याच्या घरी हाये," ते आमचं आडनाव घेऊन ओरडत होते. "कौसाबाईच्या घरी! सलमा, आयकू येते का?"

"बोला ना," ती तिकडून म्हणत होती. "मुके झाले का? कोन्या बाईसंगं बसले?"

"आता काय सांगू हिले?" हबीबभाई मला म्हणाले.

"सांगा, एका बाईसंगं बसलो, पन ते आडवी पडून हाये."

पार्बता पदर तोंडात कोंबून हसली. ते हसूसुद्धा बाहेर गेलं नाही. भिंतीला लागून परत आलं आणि पुन्हा तिच्याच तोंडात शिरलं, त्यामुळे तिला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी घराला पोट आलं. भिंती बाहेर झुकल्या, स्लॅब वर उचलला गेला, घुमटासारखा. भिंतीवरची देवांची तसबीर आता भिंतीपासून हातभर पुढं लोंबत होती. बोळ लांबला. आधी त्याला एकच वळण होतं, न्हाणीपाशी. आता न्हाणीच्या पुढे दुसरं वळण आलं, त्यापुढे आणखी एक, आणि वळणं एकमेकांना चिकटून बसली. वसंता कंदील घेऊन आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याला ओल होती.

"माय, शेवटाले काईतरी बसलं हाये. बोळाच्या आरपार. गादीवानी लागते. ढकललं तं दबते, पन सरकत नाई."

"वास कशाचा येते?" बेबीनंदानं विचारलं.

वसंतानं हात हुंगला. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "ओल्याचा."

तो खोटं बोलला हे मला कळलं. आईचं पोरगं, आईला कळणारच. हाताला संत्र्याचा वास होता. मलाही खाटेपर्यंत आला होता.

बाहेर गल्लीत लोक उभे राहून आमच्या घराकडे बघत होते. त्यांचं बोलणं आत ऐकू येत होतं. एक म्हणे, कोहळ्याचं घर फुगलं. दुसरा म्हणे, सिमेंट चांगलं नसंन. आठवडी बाजाराचा दिवस होता म्हणून तालुक्याहून डॉक्टरीणबाई आल्या होत्या, उईके नावाच्या. कोणीतरी त्यांना बोलावून आणलं. त्या गल्लीत उभ्या राहिल्या, आमच्या भिंतीला डावा पंजा लावला आणि उजव्या हाताच्या बोटानं त्याच्यावर वाजवलं. आत मला माझ्या पोटावर बोट वाजल्यासारखं झालं.

"नुसतं वारं भरलंय," त्या बाहेरून म्हणाल्या. "पेशंट कुठाय?"

"बाई, आत जाऊ नोका," लोक म्हणाले. "आत गेलेला निंगत नाई."

"मग बाहेर उभं राहून काय करू?" असं म्हणून त्या आत आल्या, चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली.

बाई लहानखुरी होती, केस बांधलेले, नखं बारीक कापलेली. मला आवडली. तिनं आधी माझ्या पोटाला नळी लावली, मग तीच नळी भिंतीला लावली आणि डोळे मिटून ऐकलं.

"आजी, दोन्हीकडे एकच आवाज आहे. रिकाम्या घागरीत थेंब पडावा तसा."

"मंग घागर उलटी करा अन् मोकळी करा."

"वारं केव्हा सरलं होतं शेवटचं?"

"असं विचारतेत का माणसाईसमोर?"

हबीबभाई उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. वसंता त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. दोघं शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे दिसत होते. पार्बता मात्र आणखी पुढं सरकून बसली.

"परवापासून नाई," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या नाकातून एक नळी घातली. हिरवं पाणी आलं, बादलीभर. जितकं माझ्या नाकातून आलं तितकंच आमच्या पुढच्या दाराखालून गल्लीत वाहिलं आणि लोक मागे सरले. थोडं हलकं वाटलं. भिंती बोटभर आत आल्या. पण बोळातलं जे होतं ते होतं तिथंच होतं.

मग बाईंनी मला विचारायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं असं, की म्हाताऱ्या माणसाचं पोट अडलं तर त्याला शंभर कारणं असतात, आणि कारण कळल्याशिवाय हात घालणं म्हणजे अंधारात विळा चालवणं.

"आजी, गोळी पाकिटासकट गिळली का? ती चांदीची पट्टी असते ना, कातरून ठेवलेली? एका आजोबांनी तशी गिळली होती. आत गेल्यावर तिची धार सुटली आणि त्यांना आतून आरशासारखं चकाकायला लागलं."

"मी गोळीच घेत नाई. मले काय झालं गोळी घ्याले?"

"आंब्याची कोय? चिंचोके? एका आजीच्या पोटातून मी कोय काढली, तिला दोन पानं फुटली होती. लावली आम्ही दवाखान्यामागं. औंदा मोहर आलाय."

"मी काय बकरी हाये का कोय गिळाले?"

"पित्ताचा खडा कधी कधी पिशवी फोडून आतड्यात उतरतो. पोटात उजवीकडे कधी दुखायचं?"

"दुखाले वेळ कोनाले होता?"

त्यांनी माझ्या मांडीच्या वरच्या बाजूला दाबून पाहिलं. म्हणाल्या, बारीक म्हाताऱ्या बायकांच्या हाडात एक भोक असतं, त्यात आतडं जाऊन बसतं आणि वरून काहीच दिसत नाही. एका आजीचं असंच बसलं होतं. ती तीन दवाखाने फिरली, सगळीकडे तिला गुडघ्याचं मलम दिलं.

"मी बारीक दिसते का तुमाले?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ते नाहीच आहे." मग म्हणाल्या, "दात स्वतःचे आहेत ना? कारण एकानं कवळी गिळली होती. ती आत जाऊन भेटेल त्याला चावत होती."

"आमच्या मामीजीचे दात पक्के हायेत," बेबीनंदा मध्येच बोलली. "खारका फोडतेत."

तिच्या बोलण्यात टोमणा होता की मान होता, मला कळलं नाही. मी ओठ मिटून घेतले.

इथं मला आमच्या घरची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल ही म्हातारी उगाच तोंड शिवून बसली. आमची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराची, म्हणजे मोठ्या हंगामाची फळं उतरवायच्या आधी प्रत्येक ओळीतलं पहिलं फळ घरातल्या थोरल्या बाईनं खायचं, बागेच्या बांधावर बसून, सगळ्यांच्या देखत. जितक्या ओळी तितकी फळं, एका बैठकीत. आणि त्यातलं काही थुंकायचं नाही. ना बी, ना चोथा. थुंकलं की त्या ओळीला फळगळ लागते, रात्रीतून झाड मोकळं होतं. हे झालं सगळ्यांना माहीत असलेलं. पुढचं असं, की ज्या वर्षी थोरल्या बाईचे दात जातात त्या वर्षी ती बांधावर बसत नाही. सून बसते. आणि जी बांधावर बसते तिच्या कमरेला किल्ल्या, तिच्या तोंडाला शब्द. थोरली मग कोपऱ्यातल्या खाटेवर, मऊ भात खात.

माझे दात चार वर्षांपूर्वीच गेले. एकेक करून गेले आणि प्रत्येक गेला तेव्हा मी त्याला पदरात बांधलं आणि विहिरीत टाकलं. बहिणीकडे जाते असं सांगून अमरावतीला गेले आणि कवळी करून आणली. बोलायला छान, हसायला छान. चावायला गेलं की हिरड्यांत खिळे ठोकल्यासारखं होतं. म्हणून मी चावतच नाही. भाकरी दुधात भिजवते आणि म्हणते, मला तशीच आवडते. खारीक गालात धरते आणि अडकित्त्यानं सुपारी फोडून कडाड आवाज करते, म्हणजे लोकांना वाटतं खारीकच फुटली. संत्र्याच्या फोडी मात्र बांधावर सगळ्यांच्या देखत. यंदाही बेबीनंदा सोलून देत गेली आणि मी गिळत गेले. फोडीवरच्या सालीसकट, चोथ्यासकट, अख्ख्या. माझ्या तोंडाकडे बघून हबीबभाई म्हणाले होते, वा कौसाबाई, या वयात काय दात हायेत! मी हसून दाखवलं होतं.

त्या सगळ्या फोडी आत गेल्या, एकमेकींना चिकटल्या, आणि बोळाच्या शेवटच्या वळणावर जाऊन बसल्या.

हे मला ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंना ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी घर इतकं ताणलं गेलं की भिंतींतून बाहेरचा उजेड दिसायला लागला, कांद्याच्या पापुद्र्यातून दिसावा तसा. गल्लीतली माणसं भिंतीवर सावल्यांसारखी हलत होती. खोल्या मोठ्या झाल्या होत्या, तरी आत बसायला जागा कमी पडत होती, कारण सगळी जागा वाऱ्यानं व्यापली होती. आम्ही एकमेकांना चिकटून खाटेभोवती बसलो. बोललं की शब्द आपल्याच अंगावर येऊन पडायचे आणि ते उचलून बाजूला ठेवावे लागायचे. पार्बताच्या मांडीवर सगळ्यांत मोठा ढीग होता.

बाईंनी पिशवीतून खडू काढला. बोळाच्या भिंतीवर, जिथं ती सगळ्यांत जास्त फुगली होती तिथं, उभी रेघ ओढली. माझ्या बेंबीखालून गार काहीतरी गेलं. मी गोधडी वर करून पाहिलं, तर पोटावर पांढरी रेघ होती.

"आता थांबता येणार नाही," त्या वसंताला म्हणाल्या. "भिंत पातळ झालीय. आपण होऊन फाटली तर आजी जातील, आणि तुम्ही सगळे आत आहात. कापून काढावं लागेल."

"कापल्यावर बरी होईन ना माय?"

"खोटं सांगू का? या वयात, इतक्या ताणलेल्या भिंतीला टाका धरेलच असं नाही."

वसंता रडायला लागला. चाळिशी ओलांडलेला बाप्या, मिशा असलेला, नाक ओढत होता. मी म्हटलं, "लाज नाई वाटत? नाक पुस. हबीबभाई पाहून राह्यले."

"मी नाई पाहत," हबीबभाई पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवून म्हणाले. त्यांचाही आवाज ओला होता.

"दुसरा काईच उपाय नाई का?" बेबीनंदानं विचारलं.

"आहे," बाई म्हणाल्या. "आत जे आहे ते दगडासारखं असेल, किंवा धार असलेलं असेल, तर कापायलाच हवं. पण मऊ असेल, चोथ्यासारखं, तर न कापता बाहेरून दाबून पुढं नेता येतं. गाईचं दूध काढतात ना, तसं. पण ते मऊच आहे हे मला आधी माहीत पाहिजे. नाहीतर मी दाबायला जाईन आणि भिंतच फाटेल." मग त्या माझ्या खाटेवर बसल्या. "आजी, तुम्ही काय खाल्लंत?"

"सगळे खातेत तेच."

"सगळ्यांचं घर मोकळं आहे."

बेबीनंदा माझ्याकडे बघत होती. तिच्या हातात माझा पाणी प्यायचा पेला होता, रिकामा. तीन दिवसांत तिनं एकदाही किल्ल्यांकडे पाहिलं नव्हतं, हे मी पाहिलं होतं. ते मला तिच्या टोमण्यांपेक्षा जास्त झोंबलं.

"मामीजी," ती हळूच म्हणाली, "सांगा ना बाप्पा. रागावा, पन सांगा."

"तुले काय फरक पडते? मी गेली तं तूच बसशीन बांधावर."

"मले नाई बसाचं बांधावर. मले संत्रं आंबट लागते."

हे ऐकून मला इतका राग आला की काय सांगू. बाई, जिच्यासाठी मी चार वर्षं हिरड्यांत खिळे सोसले, ती गोष्ट हिला आंबट लागते!

भिंतीतून करकर आवाज आला. खडूच्या रेघेवर बारीक तडा गेला आणि त्यातून शिट्टी वाजल्यासारखं झालं. बाईंनी सुरी हातात घेतली.

मी तोंडात बोटं घातली आणि कवळी काढली. वरची आधी, मग खालची. दोन्ही बेबीनंदाच्या पेल्यात टाकली. खळकन आवाज झाला. माझे गाल आत गेले, नाक आणि हनुवटी जवळ आली, आणि तिथं बसलेल्या सगळ्यांनी माझं खरं तोंड पाहिलं. मग मी बोलले.

"माह्ये दात नाईत. चार वर्सापासून नाईत. बांधावर बसून सगळी संत्री म्या न चावता गिळली. फोडीच्या सालीसकट. तेच हाये तिथं बसलेलं. दुसरं काई नाई."

दातांशिवाय ते शब्द मऊ निघाले, कडा नसलेले, लोण्यासारखे. अंगावर येऊन पडले नाहीत. खाटेवरून उतरले, जमिनीवरून सरपटत बोळात गेले, पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, आणि आम्हाला त्यांचा आवाज लांब जाताना ऐकू येत राहिला. शेवटच्या वळणाशी जाऊन ते त्या ओल्या गादीत शिरले आणि पलीकडे निघाले. सांदवाडीत, गोठ्यापाशी, कोणीतरी उभं होतं. तिथून एक बाईचा आवाज आला:

"अवं ऐकलं का? कौसाबाईले दातच नाईत!"

मग गल्लीभर ते गेलं. आळीपाळीनं सगळ्यांनी म्हटलं. दातच नाईत. दातच नाईत. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं होतं की हे ऐकून मी मरेन. पण झालं भलतंच. इतकं हलकं वाटलं, की गोधडी पोटावरून घसरून खाली पडली.

"गेलं!" डॉक्टरीणबाई ताडकन उभ्या राहिल्या. सुरी त्यांनी पिशवीत टाकली. "शब्द गेले म्हणजे फट आहे. मऊ आहे ते. चला सगळे, बोळात."

"म्या सांगू का?" पार्बता म्हणाली. "मले तं आधीच वाटत व्हतं, का याईचे दात लईच पांढरे हायेत."

"तू आधी त्या भिंतीले हात लाव," मी म्हटलं. दात नसले तरी जीभ होती.

सगळे बोळात गेले. वसंता आणि हबीबभाई डाव्या भिंतीला, बेबीनंदा आणि पार्बता उजव्या. मला खाटेसकट बोळाच्या तोंडाशी आणून ठेवलं. बाईंनी त्यांना दाबायला सांगितलं आणि ते सगळे भिंतीला बुक्क्या मारायला लागले. माझ्या पोटात बुक्के बसत होते.

"अरे, थांबा!" मी ओरडले. "कधी गाय पिळली का नाई कोनी? बोटं रुतवू नोका, तळवा लावा. वरून धरा अन् खाली सोडा. मागचा हात सुटाच्या आधी पुढचा लागला पायजे. रिकामा धक्का मारला तं गाय लात मारते. वसंता, तू नोको घाई करू. तुह्या बापासारखा आहेस, सगळं एका झटक्यात पायजे. बेबी, तू सुरू कर. तुह्या मागं बाकीचे."

बेबीनंदानं तळवे भिंतीला टेकवले. ती आमच्या गोठ्यात रोज दूध काढते आणि मी रोज तिला म्हणते की तुझ्या हाताला धार नाही. आता तिच्या हातांखाली भिंत आत दबली, पुढं सरकली, तिचा दाब वसंतानं घेतला, वसंताचा हबीबभाईंनी. माझ्या पोटातली कळ या वेळी आदळून परत फिरली नाही. ती पुढं गेली.

"हललं!" वसंता बोळातून ओरडला.

"बोलू नोका. पुन्हा."

पुन्हा दाबलं. डॉक्टरीणबाई कान भिंतीला लावून चालत होत्या आणि बोटानं दाखवत होत्या: इथं, आता इथं, आता जरा हलकं. एक वळण गेलं. बोळात संत्र्याचा वास इतका दाटला की सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुसऱ्या वळणावर ते अडलं. हबीबभाईंनी टोपी काढून खिशात कोंबली, "या अल्ला" म्हणाले आणि पाठ लावली. पार्बतानं त्यांच्या शेजारी पाठ लावली. ते वळणही गेलं.

मग मला वाटलं की आता होतंय.

"बाई," मी म्हटलं, "सगळ्याईले बाजूले करा."

"का?"

"वारा सरते."

कोणी बाजूला झालं नाही. सगळे माझ्याकडे तोंड करून उभे राहिले, देवळात आरतीला राहतात तसे. वसंतानं हात जोडले होते. आणि वारा सरला.

आधी बारीक आवाज आला, तुतारीत फुंकर घालायला शिकणाऱ्याचा. मग तो जाड झाला. मग बोळ भरून वाहायला लागला. बोळाच्या टोकाला बूच उडावं तसा आवाज झाला आणि मागचं दार सताड उघडलं. ती गादी बाहेर जाऊन पडली, गोठ्यासमोर, वासराएवढी, सतरंजीसारखी विणलेली, नारिंगी, वाफाळणारी. गाय उठून उभी राहिली आणि तिनं ती हुंगली.

तिच्या मागून सगळं निघालं. मांजर निघाली, शेपूट पायांत. तीन दिवसांचा धूर निघाला. न्हाणीचं पाणी निघालं. पार्बताच्या मांडीवरचे शब्द निघाले आणि त्यांच्या मागोमाग पार्बता, पदर डोक्यावरून उडालेला, हसत, आणि ते हसू या वेळी बाहेर गेलं. हबीबभाई निघाले ते चालत नव्हते, वाऱ्यानं नेले. जाता जाता फोनवर ओरडत होते, "सलमा, सुटलो! घरी येऊन राह्यलो! अवं रडते कायले?"

"संडास झाली का?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

"होईन. आता घाई नाई."

त्यांनी माझं पोट दाबून पाहिलं. मऊ होतं, उतरलेल्या पिठासारखं. त्या हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा मला दिसलं की त्यांचाही पुढचा एक दात नाही.

"पानी चमच्यानं द्या," त्यांच्या तोंडून आमच्यासारखं 'पानी' निघालं. "संत्रं चोखायचं, चोथा थुंकायचा. झाडाचं झाड बघून घेईल."

पिशवी उचलून त्या बोळातून गेल्या. त्यांच्या मागून वसंता गेला, जाताना भिंतीवरून हात फिरवत, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. बेबीनंदा पेला घेऊन उभी होती. पेल्यात माझे दात होते.

"हे कुठी ठिवू?"

"ठिव कुठंबी. किल्ल्याईच्या डब्यात ठिव."

"किल्ल्या तं तुमच्या कमरेले हायेत."

मी कमरेला हात लावला. साडी सैल झाली होती, गाठ पोटावरून खाली घसरली होती, आणि किल्ल्या खाटेवर पडल्या होत्या. मी त्या उचलल्या नाहीत. तिनंही उचलल्या नाहीत. तिला बाहेरून कोणीतरी हाक मारली आणि वाऱ्यानं तिलाही नेलं.

घर रिकामं झालं. भिंती सैल पडल्या, मऊ घडी घातल्यासारख्या. इतकी शांतता या घरात मी लग्न होऊन आल्यापासून ऐकली नव्हती. छान वाटत होतं. मी पाय लांब केले. थोडी झोप लागावी असं वाटलं.

तेवढ्यात माझ्या मागची भिंत दाबली गेली. तिच्यावर कोणाचा हात नव्हता. ती वरून धरली गेली आणि खाली सोडली गेली, आणि तो दाब सुटायच्या आधी पुढचा लागला. खाट सरकली. पहिल्या वळणावर ती थोडी घासली, मग वळली. दुसऱ्या वळणावर घासलीही नाही. मी खाटेची कड धरली होती, ती सोडली, आणि खाट मागं राहिली. शेवटी उजेड दिसला, आणि उजेडात बेबीनंदा सुईणीसारखी गुडघ्यांवर बसलेली, पदर दोन्ही हातांनी पसरून, आणि तिच्या मागं सगळी गल्ली.

"या, मामीजी," ती म्हणत होती. "सावकाश या."

दार माझ्या खांद्यांपेक्षा थोडं अरुंद होतं. मी खांदे आत घेतले.